कडेनं धर

"मग शेवटचं कुठलं बघू? तेवढं सांगा, बाबा."

त्र्यंबकराव कापडणीसांनी हे विचारलं तेव्हा कमरूबाबा मेथी निवडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. एक काडी मोडली, पानं सुपात टाकली, देठ बाजूला ठेवला.

मी तिथंच होतो, म्हणून सांगतो. नाहीतर लोक या गोष्टीला तिखटमीठ लावतात, आणि त्यात मला बाबांचा शिष्य करून टाकतात. मी कुणाचा शिष्य नाही. पुंजाराम आहेर, एस.टी.चा रिटायर कंडक्टर. दुपारी घरात पंख्याखाली झोप लागत नाही म्हणून तकियावर येऊन बसतो, एवढंच.

तकिया म्हणजे फार मोठं काही नाही. चांदवडच्या बाहेर, डोंगराच्या पायथ्याला एक ओटा, एक कडुनिंब आणि पाण्याचा माठ. तिथं कमरूबाबा राहतात. आज फकीर आहेत, पण उभी हयात त्यांनी सराफाच्या पेढीवर जुनी नाणी पारखली. रुपया फरशीवर टाकायचे आणि नुसत्या आवाजावरून खरा की खोटा ते सांगायचे. बायको गेली तशी त्यांनी पेढी सोडली आणि इथं येऊन बसले. लोक दुवा मागायला येतात. बाबा दुवा देतात, आणि माणूस गेला की मला म्हणतात, पुंजाराम, याला दुव्यापेक्षा दवाखान्याची गरज आहे.

त्र्यंबकराव मात्र दवाखान्यातूनच आले होते, असं म्हणायला हरकत नाही.

रिक्षातून उतरले, आणि ओट्याची पायरी त्यांना दिसलीच नाही. पाय अडखळला. हातातली लाकडी पेटी त्यांनी पोटाशी घट्ट धरली आणि गुडघा खुशाल आपटू दिला. मी धावलो तर म्हणाले, आधी पेटी धरा... नाही, नको, राहू द्या, धरू नका.

कुठं लागलं ते बघायला त्यांना मान पार खाली वळवावी लागली. तेव्हा माझ्या लक्षात आलं.

मग त्यांनीच सांगितलं. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. डावा गेल्यातच जमा. उजव्यातून पुंगळीतून बघावं एवढंच दिसतं. नाशिकच्या डॉक्टरांनी गेल्या आठवड्यात स्पष्ट सांगितलं की गेलेली नजर परत येत नाही, आणि उरलेली वर्षभर टिकेल असं धरून चालू नका. त्र्यंबकरावांची सगळी नोकरी जमीनमोजणीत गेली. हेही त्यांनी कुणाच्या तरी शेताच्या हद्दी सांगाव्यात तसं सांगितलं. आवाज कुठं हलला नाही.

मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, या माणसाबद्दल कधी वाईट वाटेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

त्यांच्याकडं दोनशे बारा नाणी. सोन्याचे होन, मोहरा, आणि चांदीचे रुपये तर कुठले कुठले. नाणी जमवणाऱ्यांत त्यांचं नाव मोठं, आणि नाकावर माशी बसू देत नसत. कुणी हौसेनं आपलं नाणं दाखवायला आणलं की एक नजर टाकायची, "घासलेलं आहे" म्हणायचं आणि परत करायचं. समोरच्या माणसाचं तोंड एवढंसं व्हायचं. बायकोला कपाटाची किल्ली नाही. नातवंडांना त्या खोलीत प्रवेश नाही.

एकदा मीही एक रुपया हातात मागितला होता. पस्तीस वर्षं कंडक्टरच्या पिशवीत हात घालून, न बघता, नेमका चार आणे नि आठ आणे काढलेला माणूस मी. त्यांनी मला आधी साबणानं हात धुवायला लावले. मग पांढरे सुती हातमोजे दिले. मी ते चढवले. मग थोडा विचार करून म्हणाले, असू द्या पुंजाभाऊ, तुम्ही लांबूनच बघा. मी हातमोजे काढून ठेवले आणि घरी आलो. ती गोष्ट मी विसरलो नव्हतो.

पण हे वेड त्यांना लावलं ते बाबांनीच.

त्रेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तरुण त्र्यंबकला जुन्या भांड्यांच्या दुकानात एक चांदीचा रुपया मिळाला. त्यानं तो चिंचेनं घासघासून आरशासारखा केला आणि मोठ्या ऐटीत पेढीवर दाखवायला नेला. बाबांनी रुपया बघितला आणि महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीत. जुन्या चांदीवर वर्षानुवर्षं जो काळसर रंग चढतो, ती त्या नाण्याची कातडी. या बहाद्दरानं ती सोलून काढली होती.

महिन्यानं बाबा बोलले ते दोनच शब्द. कडेनं धर.

अंगठा आणि पहिलं बोट, तेही फक्त काठावर. अक्षरांवर बोट गेलं की बाबा त्याच्या पेरावर टिचकी मारायचे. हाताचा घाम चांदीत उतरतो आणि तो डाग जात नाही, हे त्यांनीच शिकवलं. फारसी अक्षरं लावायलाही त्यांनीच शिकवलं. त्र्यंबकरावांनी गुरूचा शब्द असा पाळला की पुढं पुढं खुद्द बाबांच्या हातात नाणं देताना त्यांचा जीव वरखाली व्हायचा.

तर असा माणूस त्या दुपारी ओट्यावर बसून विचारत होता, शेवटचं कुठलं बघू?

त्यांनी सगळा बेत आखला होता. मुंबईहून एक लिलाववाला येणार होता. तो सगळा संग्रह नेणार, आणि लिलावाआधी त्याचं वेगळं पुस्तक छापणार. वर नाव, कापडणीस संग्रह. हे सांगताना त्र्यंबकरावांचा चेहरा क्षणभर उजळला. आंधळ्याच्या घरात नाणी ठेवून काय करायचं, असं ते म्हणाले. निदान नाव तरी राहील.

लिलाववाल्याची अट एकच होती. संग्रहातला अंकुशी रुपया जसा आहे तसा, हात न लागलेला मिळाला पाहिजे. त्या एका रुपयावर पुस्तक उभं होतं.

तो रुपया काय आहे हे मला तेव्हा कळलं. जुन्या टांकसाळीत ठसा मोठा आणि चांदीची चकती लहान असायची. ठसा हातोड्यानं मारला की मधली अक्षरं उमटायची आणि कडेची बाहेर जायची. म्हणून बहुतेक रुपयांवर अर्धंमुर्धं नाव असतं. त्र्यंबकरावांच्या रुपयावर ते सगळं उतरलं होतं. बादशहाचं नाव, टांकसाळीचं नाव आणि अक्षरांच्या मधोमध हत्तीला टोचतात तो इवलासा अंकुश. कुणा कारागिराचा हात त्या एका घावाला नेमका बसला असेल. असा दुसरा त्यांनी उभ्या जन्मात बघितला नव्हता.

डोळे आहेत तोवर ते रोज एकेका नाण्याचा निरोप घेत होते. पण शेवटचा मान कुणाला द्यायचा यावर अडले होते. कधी वाटे तो रुपया, कधी वाटे पहिला होन. जे शेवटचं बघेन तेच डोळ्यांत राहील, म्हणाले. त्यात चूक व्हायला नको.

बाबांची मेथी संपली. त्यांनी सूप बाजूला सारलं आणि हात धुतले. पंच्याला पुसत म्हणाले,

"आणि ते बघून झाल्यावर?"

"मग तो घेऊन जाईल."

"आणि तू?"

...

कडुनिंबावर खार चिरकत होती. त्र्यंबकराव तिकडं बघायला गेले, पण खार त्यांना सापडली नाही.

"डोळे मीट," बाबा म्हणाले.

"मिटायचेच आहेत की आता, बाबा."

"मीट."

त्यांनी मिटले. बाबांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि आपला रुपया काढून त्यांच्या तळहातावर ठेवला.

बाबांच्या या रुपयाबद्दल सांगायला हवं. निकाहात बायकोला मेहेर म्हणून त्यांनी जे दिलं, त्यातला हा एक. ती तीस वर्षांपूर्वी गेली. त्या दिवसापासून तो त्यांच्या खिशात असतो. बोलताना, गप्प बसलेले असताना, त्यांचा अंगठा त्या रुपयावर फिरत असतो. मी बारा वर्षं बघतोय. मला तरी तो पहिल्यापासून असाच माहीत आहे, पिठाच्या गोळीसारखा गुळगुळीत. ना अक्षर, ना चिन्ह.

"काय आहे?" बाबांनी विचारलं.

त्र्यंबकरावांनी सवयीनं तो कडेनं धरला. वजन घेतलं. मग नाइलाजानं एक बोट वरून फिरवलं.

"चांदी आहे. बाकी काही नाही. वितळवायच्या लायकीचं."

मला असा राग आला की काय सांगू. माणूस आंधळा व्हायला लागला तरी जिभेची धार तशीच. मी तोंड उघडणार होतो, पण बाबांनी नुसता पंजा दाखवला. त्यांच्या चेहऱ्यावर रागाचं नावही नव्हतं. त्यांनी आपला रुपया परत घेतला आणि खिशात टाकला.

"आता तुझा दे. तो पुस्तकवाला."

त्र्यंबकरावांनी डोळे उघडले, पेटी चाचपून उघडली आणि मखमलीच्या खणातून तो रुपया काढला. कडेनं, अगदी दोन बोटांच्या टोकांनी. नकळत मीही पुढं वाकलो. काळपट निळसर रंग, आणि अक्षरं अशी उठून दिसत होती की आत्ताच टांकसाळीतून आलाय असं वाटावं.

"मीट डोळे."

त्यांनी मिटले. रुपया अजून दोन बोटांत होता. बाबांनी त्यांचा दुसरा हात आपल्या हातात घेतला, अंगठा पकडला आणि रुपयाकडं न्यायला लागले.

त्र्यंबकरावांनी चटका बसावा तसा हात मागं घेतला.

"बाबा, नको. डाग पडेल."

"हं."

"मग तो घेणार नाही. पुस्तक निघणार नाही."

"हं."

"तुम्हीच शिकवलंत, बाबा... कडेनं धर. त्रेचाळीस वर्षं झाली. मी एकदासुद्धा..."

एवढा ताठ माणूस, हनुवटी लहान पोरासारखी थरथरायला लागली. मला ते बघवेना. मी माठाकडं तोंड फिरवलं.

"शिकवलं खरं," बाबा म्हणाले. "तेव्हा तुला डोळे होते."

...

किती वेळ गेला कुणास ठाऊक. खालच्या रस्त्यानं एक ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज लांब जाऊन विरला, तरी दोघं तसेच बसलेले. बाबांनी पुन्हा हात धरला नाही. नुसता आपला तळवा उघडा ठेवून बसले. ओढाताण त्यांना कधी आवडली नाही.

शेवटी त्र्यंबकरावांनी स्वतःच रुपया तळहातावर घेतला. डोळे मिटलेले होते. अंगठा वर आला, रुपयापासून बोटभर अंतरावर थांबला, आणि मग टेकला.

आधी तो हललाच नाही. मग हळूच डावीकडं गेला. उजवीकडं आला. मधे अडकला. पुन्हा मागं गेला आणि पुन्हा तिथंच अडकला.

"अंकुश," त्र्यंबकराव म्हणाले.

अंगठा तिथंच घुटमळला.

"याचं टोक... याचं टोक जरा वाकडं आहे. डावीकडं." अंगठा घाईनं फिरायला लागला. "हे मला माहीत नव्हतं. भिंगातून हजार वेळा बघितलंय, कधी दिसलं नाही. ठशालाच खोट असणार. किंवा कारागिराचा हात..."

मग त्यांना अक्षरं लागत गेली. एकेक अक्षर ते फारसीत पुटपुटायचे, अंगठा पुढं सरकायचा, चुकायचा, मागं यायचा. बादशहाचं नाव झालं. टांकसाळीचं नाव झालं. काठाजवळ एक बारीक चीर होती, तिथं अंगठा थांबला, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते त्यांनी पुसलं नाही. दोन्ही हात कामात होते.

मला कळत होतं ते काय करतायत. बसमधले दिवे गेले की मी हेच करायचो. पण मला कधी रडू आलं नव्हतं, कारण माझ्या पिशवीतली नाणी माझी नव्हती.

मुंबईवाला ठरल्याप्रमाणे आला. बाकीची बरीचशी नाणी घेऊन गेला, पण वेगळं पुस्तक काही निघालं नाही, आणि तो रुपया त्याच्या गाडीत बसला नाही. पण ते नंतरचं. त्या दुपारचं अजून संपलेलं नाही.

त्र्यंबकरावांनी एकाएकी हात माझ्या दिशेला केला. मी जिथं बसलो होतो त्याच्या जरा बाजूला, पण माझ्याचसाठी.

"पुंजाभाऊ, धरा."

मी चाट पडलो. हात धोतराला पुसले, एकदा पुसले, दोनदा पुसले, आणि घाबरत घाबरत रुपया कडेनं धरला.

"तसा नाही," ते म्हणाले. "हातात घ्या."

मी मुठीत घेतला. त्यांच्या हातानं तो ऊबदार झाला होता. ते हातमोजे मी त्याच वेळी माफ करून टाकले. अंकुश मलाही लागला. टोक खरंच डावीकडं वाकडं होतं. मी तसं सांगितलं, तेव्हा त्र्यंबकराव हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदा बघितलं.

रुपया मी परत त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी मूठ मिटली. घरी जाऊन बाकीची नाणीही अशीच एकेक काढून बघतो, रोज बघतो, असं काहीबाही ते बोलत होते. नातवाला अंकुश कसा लागतो ते दाखवतो म्हणाले. बोलता बोलता मधेच थांबले. मूठ उघडली. अंगठा पुन्हा रुपयावर आला, पण या वेळी फिरला नाही.

शेवटी पारखी माणूस तो. एवढा आनंद झाला तरी चांदीचा स्वभाव विसरायचा नाही.

"बाबा," ते म्हणाले, "चांदी मऊ असते."

"असते."

"मी रोज असं बघितलं तर ही अक्षरं..."

"जातील."

बाबांनी हे अगदी सरळ सांगून टाकलं. म्हाताऱ्यानं निदान आज तरी जरा गोड बोलायला काय हरकत होती. एक तर डोळे चाललेले, त्यात हाताशी आलेलं हेही काढून घ्यायचं.

"किती दिवसांत?"

"तू किती बघतोस त्यावर आहे."

त्र्यंबकरावांनी अंगठा उचलून बाजूला घेतला. मग बोलले तेव्हा आवाज अगदी खाली गेला होता. जमीनमोजणीवाला आवाज कुठल्या कुठं गेला होता.

"डोळे गेल्यावर हे राहील म्हणून आत्ता जरा धीर आला होता, बाबा. हेही झिजून गेलं, तर माझ्याजवळ काय राहील?"

...

बाबांनी खिशातून आपला रुपया काढला, तोच, ज्याच्यावर काहीच नव्हतं. तो त्यांनी त्र्यंबकरावांच्या दुसऱ्या हातात ठेवला आणि त्यांची बोटं त्याच्यावर मिटवली.

"विचार मला, याच्यावर काय काय होतं."